अंतरकरांनी तपासलेला शिपाई

तोक्योतल्या फुनाबोरी स्टेशनवर सात बावन्नची गाडी सात बावन्नला आली की फलाटावरचे सगळे लोक गाडीत चढतात. दिगंबर अंतरकर आधी आपलं घड्याळ बघतो. नऊ वर्षं झाली, ती गाडी वेळेवर येते आहे आणि नऊ वर्षं याला वाटतंय की यात काहीतरी आहे.

दिगंबर माझा मित्र. मूळचा सहकारनगरचा. वय सेहेचाळीस, उंची बेताची, भुवया मात्र भरघोस, आणि त्यातली डावी कायम थोडी वर चढलेली. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. म्हणजे दुसऱ्याने मन लावून लिहिलेल्या प्रोग्राममध्ये चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा. बहुतेक माणसांचा स्वभाव घरी असतो आणि नोकरी ऑफिसात असते. दिगंबरचं दोन्ही एकच आहे. त्याच्या ऑफिसातले जपानी लोक त्याला ‘अंतारुकारु-सान’, म्हणजे अंतरकरराव, म्हणतात आणि तो टेबलाजवळ आला की हातातलं काम हळूच फाइलखाली सरकवतात.

शाकाहारी माणसाला जपानमध्ये थोडा संशयी व्हावंच लागतं. इथे माशाचा अर्क कशात असेल सांगता येत नाही. पण आम्ही बाकीचे लेबल वाचतो, मासा नसला की खातो. दिगंबरने एकदा कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, बटाट्याच्या वेफर्सच्या पाकिटाचं लेबल फोनवर भाषांतर करून अकरा मिनिटं वाचलं. मासा सापडला नाही. पाकीट परत ठेवलं.

“अरे, नाहीये ना मासा?” मी म्हटलं.

“लपवलाय,” दिगंबर म्हणाला.

त्याची बायको सुलेखा सांगते, “लग्न ठरवताना लोक पत्रिका मागतात. याने माझी एम.एस्सी.ची मार्कशीट मागितली. मूळ प्रत. वर उजेडात धरून पाहिली.” आता ती हसून सांगते. तेव्हा हसली होती की नाही, याबद्दल दोघांचं एकमत नाही.

असा हा माणूस ज्या तीन मजली इमारतीत राहतो, तिच्या तळमजल्यावर कुरोइवा-सान नावाचे एक म्हातारे गृहस्थ राहतात. वय चौऱ्याऐंशी. बायको वारलेली, मुलगा ओसाकाला. आळीच्या मंडळाने त्यांच्याकडे कचऱ्याच्या जागेची देखरेख दिलेली आहे. इथे जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, बाटल्यांची झाकणं वेगळी, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. नवीन भारतीय कुटुंब राहायला आलं की म्हातारबुवा महिनाभर त्यांची पिशवी उघडून बघत. दिगंबरने हे खिडकीतून पाहिलं आणि तो तीन दिवस जेवला नाही नीट.

“आपली माहिती गोळा करतोय,” तो सुलेखाला म्हणाला.

“कसली माहिती? भेंडीच्या देठांची?”

दिगंबरने उपाय केला. तो प्रत्येक बाटली धुऊन, पुसून, तिचं लेबल सोलून, सोलल्यावर राहिलेला डिंक खरवडून पिशवीत घालू लागला. वर आतल्या वस्तूंची यादी चिकटवू लागला. कुरोइवा-साननी सहा आठवडे ती यादी आणि पिशवी ताडून पाहिली. सातव्या आठवड्यात त्यांनी दिगंबरला जिन्यात थांबवून वाकून नमस्कार केला. पन्नास वर्षांत या आळीत असा कचरा झाला नव्हता, असं म्हणाले. दोघांची मैत्री अशी कचऱ्यातून उगवली. एक संशयी माणूस दुसऱ्या संशयी माणसावर जितका विश्वास टाकतो, तितका तो साध्याभोळ्यावर कधीच टाकत नाही, हे मी तेव्हापासून बघतो आहे.

मग दिगंबर रविवारी खाली चहाला जाऊ लागला. त्या खोलीत भिंतीवर एक चित्र होतं. शेजारी शेजारी लावलेले तीन कागद आणि त्यांवर मिळून एकच मोठा देखावा. लाकडावर कोरलेल्या ठशांनी छापलेला, १८९५ सालचा, म्हणजे जपान आणि चीन यांच्या लढाईच्या वेळचा. बर्फ पडतंय, किल्ल्याची भिंत आहे, तोफेचा लालभडक जाळ उडालाय, काळ्या गणवेशातले जपानी शिपाई धावताहेत. मधल्या कागदावर एक शिपाई शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर चढून, तलवार उपसून भिंतीवर पाय टाकतोय. त्याच्या डोक्याशी एक पिवळी चौकट आणि तिच्यात नाव: शिपाई कुरोइवा.

“माझे आजोबा,” म्हातारे म्हणाले होते.

अशी चित्रं तेव्हा शेकड्यांनी निघत. आज आपण बातमी बघायला फोन उघडतो, तसे लोक ठशांच्या दुकानापुढे गर्दी करत. चित्रकार तोक्योत बसलेला असे. वर्तमानपत्रात आलेल्या चार ओळी वाचून तो लढाई काढायचा, कोरणारे रातोरात लाकूड कोरायचे, आणि बातमी शिळी व्हायच्या आत शूर शिपाई दुकानात टांगलेला असायचा. दिगंबरला हे कळलं तेव्हाच त्याची डावी भुवई आणखी वर गेली होती. पण भिंत दुसऱ्याची, आजोबा दुसऱ्याचे. तो गप्प बसला. त्याच्या आयुष्यातलं हे सर्वात मोठं मौन असावं. ते सात महिने टिकलं.

गेल्या सप्टेंबरात आळीच्या मंडळाने ठरवलं की नोव्हेंबरात सभागृहात प्रदर्शन भरवायचं. प्रत्येक घरातली एक जुनी वस्तू आणि खाली तिची माहिती देणारं कार्ड. मंडळाच्या मात्सुनागा-बाई स्वतः येऊन कुरोइवा-सानना म्हणाल्या की तुमच्या पराक्रमी आजोबांचं चित्र दारासमोर लावू. त्या गेल्यावर म्हाताऱ्यांनी दिगंबरला बोलावलं.

“अंतारुकारु-सान, कार्ड माझ्या सहीने लागणार. तुम्ही हे चित्र एकदा तपासाल का?”

आता इथे जरा थांबलं पाहिजे. जपानी माणूस ‘तपासाल का’ म्हणतो तेव्हा नव्याण्णव वेळा त्याचा अर्थ ‘बघा आणि छान म्हणा’ असा असतो. ऑफिसात कागद फिरतो, प्रत्येक जण तपासतो, प्रत्येक जण शिक्का मारतो, कोणी काही वाचत नाही. हे आम्हा सगळ्यांना पहिल्या वर्षात कळतं. दिगंबरला नवव्या वर्षीही कळलेलं नव्हतं. ‘तपासा’ म्हटलं की तो तपासतो.

पंधरा दिवस तो भिंग घेऊन बसला. तीन कागदांचे दोनशे फोटो काढले. घरच्या जेवणाच्या टेबलावर ते लढाईचे तुकडे पसरलेले असत आणि सुलेखा तोफेच्या जाळावर वरणाचं पातेलं ठेवी. मग त्याने अहवाल लिहिला. ऑफिसात लिहितो तसाच, दोष क्रमांक आणि गांभीर्य यांसकट. मला वाचायला दिला म्हणून मला माहीत. दोष एक: झेंडा पूर्वेला फडफडतोय, तोफेचा धूर पश्चिमेला चाललाय. दोष चार: शिडीचा खालचा भाग डावीकडच्या कागदावर आणि वरचा मधल्यावर, पण दोन्ही जुळत नाहीत, मध्ये दोन बोटांचं अंतर, चढणारा माणूस तिथेच खाली पडायला हवा. दोष नऊ: सगळ्या जपानी शिपायांचा चेहरा एकच आहे, मिशीसकट उचलून चिकटवलेला. पडणाऱ्या चिनी शिपायांचे चेहरे मात्र प्रत्येकाचे वेगळे, एकाच्या गालावर तर तीळही आहे.

“चित्रकाराने जीव ओतलाय तो मरणाऱ्यांवर,” दिगंबर मला म्हणाला. “जिंकणारे त्याने नुसते भरलेत.”

आणि दोष चौदा. गांभीर्य: अत्यंत. नावाच्या पिवळ्या चौकटीभोवती भिंगाखाली केसाएवढी बारीक रेघ दिसते. म्हणजे ठशाचं लाकूड तिथे चौकोनी कोरून काढलं आणि नवीन तुकडा बसवला. नाव बदललं. दिगंबर तेवढ्यावर थांबेल तर दिगंबर कसला? त्याने एका परदेशी विद्यापीठाच्या संग्रहात इंटरनेटवर तेच चित्र शोधून काढलं. तोच किल्ला, तीच तुटकी शिडी, तोच मिशीवाला. कडेला छपाईची तारीख अकरा दिवस आधीची. आणि चौकटीत नाव: शिपाई नागासे.

“हे तू त्यांना देणार नाहीस,” सुलेखा म्हणाली.

“का? त्यांनीच सांगितलं तपासायला.”

“अरे, चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस आहे. आजोबांना नापास करून तुला काय मिळणार आहे?”

“खोटं कार्ड लागेल त्यांच्या सहीने. त्याचं काय?”

“लागू दे की! नागासेचा नातू येणारे का फुनाबोरीत भांडायला?”

“येऊ शकतो,” दिगंबर म्हणाला. आणि गंभीरपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चौदा पानांचा अहवाल, क्लिप लावून, कुरोइवा-सानच्या टपालपेटीत टाकला.

त्यानंतर आठ दिवस काही नाही. खाली दिवा दिसे, रेडिओ ऐकू येई, पण म्हातारे जिन्यात भेटेनात. रविवारी चहाचं बोलावणं नाही. कचऱ्याच्या जागेवरही कोणी उभं नाही. दिगंबरचा संशय आता चौफेर उधळला. म्हातारे रागावले. म्हाताऱ्यांनी मंडळात सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आज नमस्कार केला तो नेहमीपेक्षा कमी वाकून केला. घरमालकाचा फोन येणार. त्याची दहा वर्षांची मिताली शाळेतून आली की तो विचारी, “वर्गात कोणी काही म्हणालं?” ती जपानीतच म्हणे, “बेत्सुनि.” म्हणजे विशेष काही नाही. हा त्या ‘विशेष’वर अर्धा तास विचार करी.

“सरळ खाली जा आणि बेल वाजव,” मी म्हटलं.

“असं कसं? आधी परिस्थिती काय आहे ते टेस्ट करायला हवं.”

आणि त्याने जे केलं ते जगात फक्त दिगंबर अंतरकरच करू शकतो. नऊ वर्षांत पहिल्यांदा, विचारपूर्वक, त्याने कचरा चुकवला. जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत, अगदी वर, दिसेल अशी, एक न धुतलेली प्लॅस्टिकची बाटली ठेवली. झाकणासकट. म्हाताऱ्यांनी पिशवी उघडली तर ते अजून आपल्याकडे लक्ष देतात. नाही उघडली तर संबंध संपले. बाटली त्याने तीनदा काढून पुन्हा ठेवली, असं सुलेखा सांगते. माझ्या मते तीही थोडं मीठमिरची लावते.

संध्याकाळी पिशवी परत दाराशी होती. वर कुरोइवा-सानच्या अक्षरातली चिठ्ठी: बाटली बुधवारी. आपण उद्या चार वाजता यावे.

दिगंबर गेला. एकट्याने जायची हिंमत नव्हती म्हणून मला बरोबर नेलं. म्हातारे टेबलाशी ताठ बसले होते. समोर तो अहवाल, पानोपानी पेन्सिलने खुणा केलेला. भिंत रिकामी. चित्र खाली काढून चटईवर पसरलेलं.

दिगंबरने आधीच वाकून माफी मागायला सुरुवात केली. ऑफिसात शिकलेली लांबलचक माफी, क्रियापदं शेवटी आणि संपता न संपणारी. म्हाताऱ्यांनी हात वर केला.

“चौदा पानं मी चार वेळा वाचली,” ते म्हणाले. “बारा वर्षांचा होतो तेव्हापासून मला हा संशय आहे.”

मग ते बोलले. आठ दिवसांचं साठलेलं नव्हतं ते, सत्तर वर्षांचं होतं. कुरोइवा-सान चौदा वर्षांचे होईपर्यंत आजोबा जिवंत होते. नवीन वर्षाला पाहुणे यायचे, चित्रापुढे बसायचे, वाहवा करायचे. आजोबा त्याच वेळी उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जायचे. कोंबड्यांना सकाळीच दाणे टाकलेले असायचे. आणि आजोबांना उंचीची भीती होती. घरातला दिवा बदलायला शेजाऱ्याला बोलवावं लागे, कारण ते स्टुलावर चढत नसत.

“आणि मला शाळेत सगळे म्हणायचे, तू त्या शिडीवाल्याचा नातू. मारामारीत मी मागे राहिलो की मास्तर म्हणायचे, कुरोइवा असून?” म्हाताऱ्यांनी चष्मा काढून पुसला. “शेजाऱ्यांना तपासायला दिलं असतं तर ते म्हणाले असते, अप्रतिम. म्हणून तुम्हाला दिलं. तुम्ही खरं सांगाल याची खात्री होती. आता मी कार्डावर लिहिणार आहे, हा माझा आजोबा नव्हे. कोणा नागासेच्या जागी घुसवलेलं नाव आहे. लढाईत तो होता असं म्हणतात, तेही खोटंच असणार.”

इतक्या पूर्णपणे दिगंबरचं म्हणणं कोणी मान्य केल्याची ही पहिलीच वेळ. मला वाटलं आता हा फुलेल. पण दिगंबरची भुवई वर गेली.

“एक मिनिट,” तो म्हणाला. “मी चित्र तपासलंय. आजोबा नाही तपासले.”

“एकच आहे.”

“कसं एकच? नाव बदललं हे सिद्ध झालं. का बदललं हे कुठे झालं? आमच्याकडे प्रोग्राममध्ये ठिगळ लावतात ते आधीचं चुकलेलं असतं म्हणून. नागासे चूक असेल, अकरा दिवसांनी दुरुस्ती केली असेल.”

म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. “तुम्ही हे मला बरं वाटावं म्हणून बोलताय. नऊ वर्षांत जपानी झालात की काय?”

हा आरोप दिगंबरला लागला. तो तावातावाने म्हणाला, “मी आजवर कोणाला बरं वाटावं म्हणून काही बोललेलो नाही! यांना विचारा!”

मी मान डोलावली. याची साक्ष मी कोणत्याही कोर्टात देईन.

“आजोबा लढाईबद्दल काय बोलायचे?” दिगंबरने विचारलं.

“काहीच नाही. मी एकदा खूप मागे लागलो. तेव्हा म्हणाले, बंदुकीच्या लोखंडाला कातडी चिकटायची, सोडवली की सोलून निघायची. बस. एवढंच. आणि उठून गेले.”

दिगंबर चटईवर गुडघे टेकून चित्रावर वाकला. चहा निवला. मला वाटलं, याला झोप लागली.

“बर्फ आहे,” तो शेवटी म्हणाला, “पण थंडी नाहीये.”

आम्ही दोघं वाकलो. खरंच होतं. एवढं बर्फ पडतंय आणि सगळ्या शिपायांचे हात उघडे. बोटं गुलाबी, गोबरी. उघड्या हातांनी त्यांनी बंदुकांच्या नळ्या घट्ट धरलेल्या. गळ्याशी बटणं उघडी. कोणाच्या तोंडातून वाफ नाही.

“हे माझ्याकडून राहिलं,” दिगंबर स्वतःवरच चिडून म्हणाला. “पंधरावा दोष. ज्याने हे काढलं त्याने थंडीत लोखंड कधी धरलं नव्हतं. म्हणजे तुमच्या आजोबांनी ती कातडीची गोष्ट या चित्रावरून उचललेली नाही. या चित्रात ती नाहीच. ती त्यांनी दुसरीकडून आणली.”

“कुठून?”

“ते मी सांगू शकत नाही. पण घरी बसून असं काही सुचत नाही. खोटं बोलणारा माणूस शिडी सांगेल, तलवार सांगेल. कातडी कशाला सांगेल?”

कुरोइवा-साननी स्वतःचे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. मग उठून आत गेले. नळ वाहायचा आवाज बराच वेळ येत होता. दिगंबरने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी म्हटलं, गप बस.

कार्ड दोघांनी मिळून लिहिलं. त्याला तीन रविवार लागले, कारण प्रत्येक शब्दावर एकाला तरी शंका होती. मात्सुनागा-बाईंनी ते वाचलं, चेहऱ्यावरचं हसू जराही न हलवता ‘अं’ असं लांबवलं, आणि विचारलं की नावाबद्दलची ओळ गाळली तर लोकांना वाचायला सोपं नाही का जाणार. कुरोइवा-सान म्हणाले, सोपं जाईल. आणि ओळ ठेवली. मग चित्र दारासमोरून हलवून आतल्या भिंतीला, एका जुन्या शिवणयंत्राशेजारी लावलं गेलं. दिगंबरच्या मते हा कट होता. याबाबतीत मला वाटतं त्याचं बरोबर असावं.

कार्ड असं होतं:

‘१८९५चं चित्र. चित्रकार तिथे नव्हता. शिपायाचं नाव छापताना बदललेलं आहे, का ते माहीत नाही. माझे आजोबा त्या लढाईला गेले होते. थंडीत बंदुकीला हाताची कातडी चिकटे, एवढंच त्यांनी सांगितलं.’

उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो. लोक रांगेने पुढे सरकत होते, बाहुल्या बघून ‘वा’ म्हणत होते, शिवणयंत्र बघून ‘वा’ म्हणत होते. या चित्रापाशी येऊन ‘वा’ म्हणायला तोंड उघडत, मग कार्ड वाचत आणि तोंड मिटत. पुन्हा चित्राकडे बघत. तिथे रांग तुंबली. कुरोइवा-सान काळा सूट घालून शेजारी उभे होते, आणि दिगंबर त्यांच्यामागे, कोणी काही म्हणतंय का यावर नजर ठेवून.

एक टाय लावलेले गृहस्थ, मंडळाचे कोणी जुने पदाधिकारी, थांबले. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं. मग आदराने वाकून विचारलं, “म्हणजे शिडीवर आपले आजोबा पहिले चढले की नाही?”

दिगंबर माझा दंड धरून कुजबुजला, “बघ, हा नागासेंकडचा असणार.”

कुरोइवा-साननी त्या गृहस्थांकडे सरळ पाहिलं. शाळेत होते तेव्हापासून ते या प्रश्नाला ‘हो’ म्हणत आले होते, कधी हसून, कधी मान खाली घालून.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

गृहस्थ गडबडले. पुन्हा वाकले. पुढे सरकले. मागून एक आजीबाई आल्या, त्यांनीही कार्ड वाचलं आणि तेच विचारलं.

“माहीत नाही,” कुरोइवा-सान म्हणाले. या वेळी जरा मोठ्याने, आणि आजीबाईंच्या मागे रांगेत आणखी कोण कोण आहे ते मान उंचावून बघत.